बाईंचा जबडा

इन्शा: आ करा, बाई. अजून मोठा. ग्राउंडवर आमच्यावर ओरडायचात तेवढा.

श्यामला: आऽऽ... झालं? पोरी येऊन थांबल्या असतील गं. खो-खोची राज्य स्पर्धा तोंडावर आलीये.

इन्शा: थांबू द्या. दाढ कधी काढलीत?

श्यामला: दिवाळीच्या आधी. घराजवळच्या डॉक्टरांनी. हलतच होती, मग काढली त्यांनी. पण ती जागा काही भरेना. चूळ भरली की रक्त येतं.

इन्शा: दिवाळीच्या आधी? आणि आता संक्रांत आली!

श्यामला: मध्ये जिल्हा होती, मग विभागीय. दोन्ही जिंकलो! आता धाराशिवला राज्य. दाताकडे बघायला वेळ कुठंय?

वेणीमाधव: डॉक्टर, मी सांगतो. ही सांगायची नाही. पंधरवड्यापासून डाव्या बाजूनं चावत नाही. चहा हनुवटीवरून ओघळतो, हिला कळतही नाही. मीच पुसतो.

श्यामला: इन्शा, हे आमचे हे. वेणीमाधव गुरुजी. रामकुंडावर पूजा सांगतात, त्यामुळं आवाज असा. घरातही माइक लावल्यासारखं बोलतात. अहो, ही इन्शा. आपल्या महापालिकेच्या शाळेतली. हिच्यासारखा सूर मारणारी मुलगी मला पुन्हा मिळाली नाही.

इन्शा: त्या सुरातच पुढचा दात गेला, गुरुजी. अब्बा म्हणाले, आता दातांचंच काहीतरी शिक. बाई, चहा ओघळतो ते कळत नाही म्हणजे? ओठ बधिर आहे का?

श्यामला: ओठ, हनुवटी. डावीकडं. इंजेक्शन दिल्यावर होतं ना, तसं. ते काय, दाढ काढल्यामुळं असेल.

इन्शा: डोळे मिटा. मी सुईचं टोक हनुवटीला लावते. टोचलं की सांगा.

श्यामला: बरं.

इन्शा: हं...

श्यामला: अगं, टोच की. किती वेळ?

इन्शा: टोचलं, बाई. दोनदा.

वेणीमाधव: मी पाहिलं. टोचलं तिनं.

इन्शा: डोळे उघडा. पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढू. इथंच निघतो, समोरच्या खोलीत. गळ्यातलं काढून गुरुजींकडं द्या.

श्यामला: आणि पोरी?

इन्शा: बाई, तुम्ही आम्हाला पाय मुरगळला तरी मैदानाबाहेर बसवायचात. आता तुम्ही बसा.

* * *

श्यामला: हॅलो, इन्शा? अगं, रिपोर्ट आला बघ! तू तो तुकडा तपासायला दिला होतास ना, त्याचा. 'जुनाट सूज' लिहिलंय. कॅन्सरचं नावसुद्धा नाही! हे लगेच पेढे घेऊन आलेत.

इन्शा: मी पण वाचला, बाई. पेढे डब्यात ठेवा. मला आणखी एक तुकडा घ्यायचाय.

श्यामला: आणखी? कशाला?

इन्शा: पहिला वरवरचा आला. मला हाडाच्या आतला हवाय.

श्यामला: तुला काय हवंय नक्की? कॅन्सर हवाय का मला?

इन्शा: बाई...

श्यामला: नाही, सांग ना! मोठ्या लॅबनं लिहून दिलंय. चार रात्री आम्ही दोघं नीट झोपलो नाही. आज जरा घास गिळला, तर तू म्हणतेस पुन्हा कापू.

इन्शा: बाई, तो एक्स-रे माझ्या टेबलावर आहे. दाढेच्या खालचं हाड कुणीतरी कुरतडून खाल्ल्यासारखं दिसतंय. सूज असं नाही करत. सुजेनं हनुवटी बधिर नाही होत. रिपोर्टमध्ये खाली बारीक लिहिलंय बघा, 'प्लाझ्मा पेशी भरपूर'.

श्यामला: त्या कोण?

इन्शा: आपल्याच असतात. जंतू शिरले की त्यांच्याशी लढायचं द्रव्य तयार करतात. किडलेल्या दाताभोवती असतातच, म्हणून लॅबवाल्या सरांना सूज वाटली. कुणालाही वाटली असती. मी आज त्यांच्याकडं गेले, सोबत एक्स-रे नेला. आम्ही दोघांनी मायक्रोस्कोपखाली तुकड्याची काच परत बघितली. सर स्वतःच म्हणाले, एवढ्या गर्दी करून इथं का बसल्यात? आतला तुकडा आण, मी वेगळे रंग लावून बघतो.

श्यामला: ...दुखेल का?

इन्शा: पहिल्यापेक्षा जास्त. खोटं नाही बोलणार.

श्यामला: उद्या सकाळी येते. प्रॅक्टिस झाल्यावर.

इन्शा: प्रॅक्टिसच्या आधी या.

* * *

वेणीमाधव: अगं, हळू हळू. चार जिने पळत चढलीस की काय? लिफ्ट चालू आहे आमची.

इन्शा: लिफ्टची वाट बघवेना, गुरुजी. बाई कुठंयत? बाई! सापडलं!

श्यामला: काय सापडलं? चप्पल तरी काढ.

इन्शा: सगळ्या कॅपा! एकजात! सरांनी मला बोलावून दाखवलं. सगळी काच तपकिरी, इकडून तिकडं! आणि लॅम्डाची काच कोरी. बाई, मी ओरडलेच तिथं!

श्यामला: म्हणजे... चांगलं आहे का?

इन्शा: चांगलं...?

श्यामला: इन्शा?

इन्शा: नाही, बाई. कॅन्सर आहे.

वेणीमाधव: बस, बाळ. आधी पाणी पी.

इन्शा: सॉरी. या अल्लाह, मी काय... येताना रिक्षात ठरवलं होतं, शांतपणे सांगायचं. इतके दिवस शोधत होते ना, ते हातात आलं आणि...

श्यामला: अगं, रडू नकोस. खेळाडू पकडला की मी पण ओरडतेच. ती कुणाची पोर आहे ते बघत नाही. नीट सांग मला. कॅपा म्हणजे काय?

इन्शा: प्लाझ्मा पेशींचे दोन प्रकार असतात, कॅपा आणि लॅम्डा. समजा, दोन जर्सी. हिरवी आणि निळी. खरीच सूज असेल तर दोन्ही जर्सीवाल्या येतात, मिसळून. तुमच्या तुकड्यात हजारो पेशी आहेत आणि सगळ्या हिरव्या. म्हणजे त्या लढायला आलेल्याच नाहीत. एकच पेशी बिघडली आणि तिनं आपल्याच नकला काढल्या. प्लाझ्मासायटोमा म्हणतात.

वेणीमाधव: जबड्यात हा असा होतो?

इन्शा: फार कमी. हा मणक्यात, बरगडीत जास्त. मी शिकताना पुस्तकात एक फोटो पाहिला होता, बस.

श्यामला: आता पुढं?

इन्शा: आता एकच प्रश्न. तो जबड्यातच आहे, की अंगभर हाडांमध्ये पसरलाय. पसरला असेल तर त्याला मायलोमा म्हणतात. मग औषधं, इंजेक्शनं, लांबचा रस्ता. एकाच जागी असेल तर रेडिएशन. त्याला किरणांची फार भीती वाटते, बाई. वितळतो. उद्याच रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडं जाऊ. रक्त, लघवी, कमरेच्या हाडातला मगज, पूर्ण अंगाचा स्कॅन.

श्यामला: स्पर्धा झाल्यावर.

इन्शा: काय?

श्यामला: अगं, महिना-दीड महिन्याचा प्रश्न. एवढे दिवस होताच ना तो तिथं? आणखी महिनाभर राहील. यशश्री आत्ता कुठं कॅप्टन म्हणून उभी राहायला लागलीये. आयुष्यात पहिल्यांदा माझी टीम राज्यला चाललीये.

इन्शा: जबड्याची खालची कड कागदासारखी राहिलीये! चकली खाताना मोडेल. आणि आतून काय चाललंय ते अजून माहीत पण नाही!

श्यामला: चकली नाही खाणार. अहो, तुम्ही सांगा हिला. पंचांग बघा आणि राज्य झाल्यानंतरचा चांगला मुहूर्त काढा.

वेणीमाधव: मुहूर्त बघितला मी. उद्याचा आहे.

श्यामला: पंचांग न उघडताच?

वेणीमाधव: उद्याचा आहे. नंतरचा एकही नाही.

श्यामला: चाळीस वर्षं लोकांना मुहूर्त देताय, असा खोटा कुणाला दिला नसेल.

वेणीमाधव: नाही दिला. हा पहिला.

* * *

इन्शा: गुरुजी, बाई आत आहेत अजून?

वेणीमाधव: हो. चेहऱ्याची जाळी बनवतायत म्हणे. गरम पाण्यातलं प्लॅस्टिक तोंडावर ओढून बसवतात, थंड झालं की मुखवटा. तू दवाखाना सोडून कशी आलीस? आणि हसतेस का?

इन्शा: तुम्हाला कुणी सांगितलं नाही? स्कॅन आला!

वेणीमाधव: सकाळी डॉक्टर म्हणाले, जाळीचं माप देऊन घ्या, मग बोलू. मी विचारलं नाही. माझं धाडस झालं नाही.

इन्शा: जबडा सोडून कुठं म्हणजे कुठं काही नाही! डोक्यापासून पायापर्यंत कोरा कागद! एकच ठिपका चमकतोय, डाव्या जबड्यात. मगज पण साफ. किडनी ठीक, कॅल्शियम ठीक. रक्तात त्या पेशींनी सोडलेलं द्रव्य आहे थोडंसं, पण तेवढं चालतं. एकटाच आहे तो, गुरुजी! एकटा सापडलाय!

वेणीमाधव: एकटा...

इन्शा: हो! पाच आठवडे किरणं, शनिवार-रविवार सुट्टी. ऑपरेशन नाही, जबडा कापायचा नाही. अहो, रडताय काय?

वेणीमाधव: रडत नाही. तू परवा ओरडलीस ना, तसं ओरडायचंय. पण इथं पाटी लावलीये, शांतता राखा.

इन्शा: बाहेर पार्किंगमध्ये चला.

वेणीमाधव: श्यामलेला कोण सांगणार?

इन्शा: तुम्ही. मुखवटा काढला की लगेच.

वेणीमाधव: मग आधी पार्किंग. घसा मोकळा करून येऊ.

* * *

(घर. टीपॉयवर तांब्याला टेकवून फोन उभा केलाय; त्यात धाराशिवचं मैदान; तिकडचा फोन मुलींसोबत गेलेल्या वत्सलाबाईंच्या हातात. उपांत्य सामन्याच्या शेवटच्या डावाआधीचं मध्यंतर. रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात श्यामलाबाईंना कुजबुजण्यापुरताच आवाज उरलाय.)

श्यामला: त्यांना सांगा... उशिरा खो.

वेणीमाधव: वत्सलाबाई, फोन जरा मुलींच्या जवळ धरा! हं. यशश्री! बाळ! बाई म्हणतायत, उशिरा खो!

इन्शा: गुरुजी, सगळी सोसायटी गोळा होईल.

वेणीमाधव: धाराशिव लांब आहे गं! पुढं काय, श्यामला?

श्यामला: ती उंच मुलगी... तिला साखळी खेळू देऊ नका. खांबाकडं ढकला.

वेणीमाधव: त्या उंच मुलीला साखळी घालू देऊ नका! तिला खांबावर ढकला!

इन्शा: अहो, खांबावर नाही, खांबाकडं! ढकलायचं म्हणजे हातानं नाही, वळवायचं!

वेणीमाधव: हातानं ढकलू नका गं! वळवा! साखळी म्हणजे काय, इन्शा?

इन्शा: बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळायचं. बाई, तुम्ही आधी ही खीर घ्या. गार केलीये.

श्यामला: चव नाही... मातीसारखी लागते.

इन्शा: माहितीये. तरी दोन चमचे. वजन उतरलं तर जाळी सैल होईल, मग किरणं भलतीकडं जातील. गिळा. शाब्बास.

वेणीमाधव: सुरू झालं! सुरू झालं! कोण पळतंय? आपली कुठली?

इन्शा: पिवळ्या आपल्या. आता आपण पकडायचं. तीन गडी बाद केले की जिंकलो. गेली... पहिली बाद! दिसली का?

वेणीमाधव: नाही दिसली! कुठं? परत दाखवतात का?

इन्शा: इथं नाही दाखवत! शेवटचं मिनिट... दुसरी... हूल दिली... अरेरे, निसटली. नाही, नाही, बाद! पंचांनी शिट्टी दिली! दोन, बाई, दोन!

श्यामला: वेळ?

इन्शा: अर्धं मिनिटसुद्धा उरलं नाही. उंच मुलगीच राहिली. साखळी खेळतेय. च्यायला, काय पाय आहेत हिचे! सॉरी, गुरुजी.

वेणीमाधव: असू दे! आपण काय करायचं?

श्यामला: खांब... खांब...

वेणीमाधव: यशश्री! खांब! खांबाकडं, बाळ!

इन्शा: वळली! खांबाकडं वळली! यशश्री उठली, धरला खांब, झेप...

श्यामला: बाऽऽद!

इन्शा: बाद! जिंकलो! फायनल! गुरुजी, जिंकलो!

वेणीमाधव: जिंकलो? हेच जिंकणं का? श्यामला! अगं, फायनलला गेल्या तुझ्या पोरी!

श्यामला: आई गं...

इन्शा: काय झालं? तोंड उघडा. आत्ताच्या आत्ता. हं, फोड फुटलाय गालाच्या आत. कुणी सांगितलं होतं ओरडायला? गुरुजी, ते सुन्न करायचं औषध द्या. सोडा घालून पाणी पण आणा.

श्यामला: हसवू नका... मला...

इन्शा: कुणी हसवलं नाही, बाई. तुम्हीच हसताय.

वेणीमाधव: रक्त येतंय आणि हसते. इन्शा, हे ठीक आहे ना?

इन्शा: थोडंसंच आहे. ठीक आहे. थांबा, वत्सलाबाई फोन फिरवतायत. सगळ्या पोरी कॅमेऱ्यात शिरल्या. हात तरी हलवा, बाई.

* * *

वेणीमाधव: इन्शा, इकडं. या कठड्यावर बस. ही मैदानात गेलीये, नव्या मुलींना शिकवायला. किरणांनंतरचा रिपोर्ट आणलास ना?

इन्शा: आणला. रक्ताच्या डॉक्टरांशी पण बोलले. बाईंना सकाळीच सांगितलं मी, 'बरं' म्हणाल्या आणि प्रॅक्टिसला निघाल्या.

वेणीमाधव: मला म्हणाली, इन्शाच्या तोंडून ऐका. सांग मग.

इन्शा: चमक गेली. जबड्यात आता काही नाही. रक्तातलं ते द्रव्य पण सापडत नाही. आणि हे बघा, दोन्ही एक्स-रे शेजारी. इथं कड कुरतडली होती ना? आता तिथं पांढरं धरायला लागलंय. नवीन हाड! बघा ना, गुरुजी, किती सुंदर आहे!

वेणीमाधव: मला दोन्ही सारखेच धुरकट दिसतात. पण तुझा चेहरा बघून कळलं. हनुवटी मात्र अजून मुंग्या आल्यासारखी म्हणते ती.

इन्शा: मुंग्या चांगल्या. नस जागी होतेय. पूर्ण होईल की नाही, सांगता येत नाही. तोंड कोरडं पडतं तेही राहील थोडं. पाण्याची बाटली सोबत ठेवा. आणि तिथला दात माझ्याशिवाय कुणाला काढू द्यायचा नाही, कधीच. किरणं लागलेलं हाड लवकर भरत नाही.

वेणीमाधव: बरी झाली, असं म्हणू का मी आता? आमच्याकडं लोक विचारतात.

इन्शा: जबड्यातलं गेलं, असं म्हणा.

वेणीमाधव: दोन्हींत फरक आहे?

इन्शा: आहे, गुरुजी. हा पुढं दुसऱ्या हाडात उगवू शकतो. बऱ्याच जणांना होतं, काही वर्षांनी. काहींना कधीच होत नाही. बाई कुणात आहेत, ते आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त, मग सहा महिन्यांनी, आणि ते कायमचं. आला तर लवकर दिसेल. आता औषधंही चांगली आहेत.

वेणीमाधव: हिला हे सगळं सांगितलंस?

इन्शा: शब्दन् शब्द.

वेणीमाधव: आणि ही 'बरं' म्हणाली.

इन्शा: हो. मग म्हणाल्या, फायनल हरलो ते यशश्रीचा गुडघा दुखत होता म्हणून, या वर्षी तिला आधीच डॉक्टरांकडं नेते.

श्यामला: काय चाललंय तुमचं दोघांचं? अहो, तुम्ही रामकुंड सोडून इथं?

वेणीमाधव: आज विश्वेशला बसवलंय पूजेला. पुतण्या आहे, शिकू दे. म्हटलं, एकदा हा खेळ नीट पाहावा. फोनवर फार ओरडलो, कळलं काहीच नाही.

श्यामला: मग बसा इथं. अगं, तूही बस, इन्शा. त्या बसलेल्या आठजणी दिसतात? त्या आपल्या.

वेणीमाधव: एक इकडं तोंड करून, एक तिकडं. असं का?

श्यामला: तसंच बसायचं असतं. दोन्ही बाजूंनी उठता यायला हवं.

वेणीमाधव: पण मग पाठीमागं काय चाललंय, ते तिला कळत नसेल.

श्यामला: नाही कळत. पाठीवर थाप पडली आणि 'खो' ऐकू आला, की उठायचं.

वेणीमाधव: आणि तोवर?

श्यामला: तोवर पाय बघा त्यांचे. एक पुढं, एक मागं. टाचा उचललेल्या.

वेणीमाधव: हो गं. खरंच की... जरा सरक, श्यामला. ती शेवटची, लाल रिबिनवाली, मला इथून दिसत नाहीये.